वडिलांची येझदी

आपल्या शाळेच्या दिवसांत उंब्रजच्या महामार्गावरून जाणारी येझदी आवाजावरून ओळखू यायची. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीचे तंत्र घेऊन म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून मोटारसायकली बनू लागल्या. १९७३ पासून त्या येझदी नावाने आल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

यंदा दिवंगत वडिलांची येझदी घरीच खोलली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे टू-स्ट्रोक इंजिन. किक आणि गिअरला एकच दांडा. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बोरेटर साफ केला. मुलाला टाकी नव्याने रंगवायची होती. वडिलांच्या गुडघ्यांनी झिजलेला रंग मात्र मी तसाच ठेवला. स्नेहमेळाव्याला त्याच गाडीवरून येणार आहे.