फ्रान्झ ऑस्टन यांची भारतातील चित्रनिर्मिती : एक पुनर्विलोकन

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात दादासाहेब फाळके आणि प्रभात फिल्म कंपनी यांच्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्या तुलनेत मुंबईत काम केलेल्या जर्मन चित्रकर्मींची दखल मराठीत त्रोटकपणेच घेतली गेली. म्युनिकचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन (१८७६-१९५६) हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यांच्या कार्याकडे आज पुन्हा पाहताना एक अडचण टाळता येत नाही. अस्पृश्यतेवरील गाजलेला हिंदी चित्रपट दिग्दर्शित करणारी हीच व्यक्ती १९३६ मध्ये नाझी पक्षाची सभासद झाली होती.

ऑस्टन यांचा भारताशी संबंध हिमांशू रॉय यांच्यामुळे आला. बुद्धचरित्रावरील 'प्रेम संन्यास' (१९२५) हा मूकपट म्युनिकच्या एमेल्का कंपनीच्या सहकार्याने तयार झाला. स्टुडिओतील देखावे व कृत्रिम प्रकाश टाळून प्रत्यक्ष स्थळी, राजस्थानच्या उन्हात, चित्रण करणे हा त्या काळी धाडसी प्रयोगच होता. पुढे 'शिराज' (१९२८) व 'प्रपंच पाश' (१९२९) आले. हे चित्रपट डोळ्यांना सुखावतात, हे निर्विवाद. परंतु हत्ती, राजवाडे व साधू यांची रेलचेल पाहता त्यांची रचना युरोपीय प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९३४ मध्ये हिमांशू रॉय व देविका राणी यांनी मालाड येथे बॉम्बे टॉकीज स्थापन केली. ऑस्टन यांच्यासोबत छायालेखक जोसेफ विर्शिंग आणि इतर जर्मन तंत्रज्ञ तेथे आले. याच सुमारास जर्मन तंत्राचे आकर्षण मराठी चित्रसृष्टीतही होते. व्ही. शांताराम 'सैरंध्री' (१९३३) च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीस गेले होते आणि 'अमृतमंथन' (१९३४) मधील छायाप्रकाशावर त्या प्रवासाची छाप स्पष्ट दिसते. फरक इतकाच की, प्रभातने तंत्र शिकून घेतले, तर मालाडने तंत्रज्ञच आणले.

'अछूत कन्या' (१९३६) ची कथा निरंजन पाल यांची, तर संगीत सरस्वती देवी यांचे. रेल्वे फाटकावरील पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी व ब्राह्मण तरुण प्रताप यांचे प्रेम सफल होत नाही. अखेर धावती गाडी थांबविताना कस्तुरी प्राण गमावते. वर्गात हा चित्रपट दाखविला असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शेवटी तिलाच का मरावे लागते?" प्रश्न मार्मिक आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ मध्ये त्यांचे जातिनिर्मूलनावरील भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. हक्काची भाषा अशी स्पष्ट उच्चारली जात असताना पडद्यावरील कस्तुरी मात्र त्यागाने प्रेक्षकांची सहानुभूती मिळवते. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही अशी सोशिक नायिका हमखास टाळ्या घेते. ज्या भंडारा मतदारसंघातील १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला, तेथे हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

या आशयाचे श्रेय वा दोष एकट्या ऑस्टन यांना देणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. कथा, संवाद व निर्मितीची सूत्रे भारतीयांच्या हाती होती. ऑस्टन यांचा वाटा चित्रचौकटीची शिस्त, प्रकाशयोजना व संयत अभिनय यांत शोधावा लागतो. त्यामुळे 'अछूत कन्या'मधील करुणेचा आधार घेऊन त्यांच्या पक्षसदस्यत्वावर पांघरूण घालता येत नाही. तसेच त्या सदस्यत्वामुळे 'इज्जत' (१९३७) किंवा लीला चिटणीस यांचा 'कंगन' (१९३९) यांचे चित्रपटीय मूल्यही आपोआप रद्द होत नाही. दोन्ही नोंदी एकाच पानावर असाव्यात. चरित्रपर टिपणांत दुसरी नोंद वगळण्याची सवय सोयीची असली तरी समर्थनीय नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन तंत्रज्ञांना स्थानबद्ध केले. वयामुळे ऑस्टन यांची सुटका होऊन ते मायदेशी परतले. मे १९४० मध्ये हिमांशू रॉय यांचे निधन झाले. विर्शिंग मात्र युद्धानंतरही भारतातच राहिले. 'महल' (१९४९) मधील गूढ अंधार त्यांच्या कॅमेऱ्याचा. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा 'पाकीजा' अपूर्ण होता. तो १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांनी जपलेल्या बॉम्बे टॉकीजच्या छायाचित्रांचे प्रदर्शन २०१७ मध्ये गोव्यात भरले, आणि पडद्यावर कधीच न दिसलेले मालाडचे कामगार त्यानिमित्ताने अभ्यासकांसमोर आले.