ग्रामीण गाणी, व्हायोलिनचा ताफा आणि रे चार्ल्स

‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ असे लांबलचक नाव असलेली एक तबकडी १९६२ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत निघाली. गायक होते रे चार्ल्स. तीत बारा गाणी आहेत, आणि त्यांपैकी एकही मुळात त्यांचे नाही. तरीही ही तबकडी अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चौदा आठवडे अग्रस्थानी राहिली. असे का घडले, याचा थोडा विचार करू.

त्या काळी अमेरिकेत संगीताचा बाजारही वर्णभेदाने दुभंगलेला होता. ‘कंट्री’ म्हणजे दक्षिणेकडील गोऱ्या शेतकऱ्यांचे, गिटार व फिडलवरचे गाणे. ‘रिदम अँड ब्लूज’ म्हणजे कृष्णवर्णीयांचे. दोहोंच्या याद्या निराळ्या, रेडिओ केंद्रेही बहुधा निराळी. अशा वेळी एका कृष्णवर्णीय गायकाने कंट्री गाण्यांचाच संग्रह करावा, ही कल्पना कंपनीतील मंडळींना धोक्याची वाटली तर नवल नाही. परंतु १९५९ च्या अखेरीस एबीसी-पॅरामाउंट कंपनीशी करार करताना चार्ल्स यांनी आपल्या मूळ ध्वनिफितींची मालकी स्वतःकडे राखली होती. असा करार त्या काळी थोड्याच कलावंतांच्या वाट्याला येई. कृष्णवर्णीयांच्या तर फारच क्वचित. काय गावे हे ठरविण्याची सत्ता त्यांच्या हाती होती, आणि ती त्यांनी वापरली.

ही हौस मात्र आकस्मिक नव्हती. १९३० साली जन्मलेल्या रे यांची दृष्टी सातव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण गेली. फ्लॉरिडातील एका खेड्यात वाढत असताना शनिवारी रात्री नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम रेडिओवर लागे; तो ऐकण्यासाठी आई मुलाला जागू देई. पुढे अंधशाळेत ते ब्रेल लिपीतील स्वरलेखन शिकले. ते एका हाताने चाचपडून वाचायचे आणि पाठ करून मगच दोन्ही हातांनी वाजवायचे. वर्गात मुलांकडून पाठांतर करून घेताना मला या गोष्टीची हटकून आठवण होते. तरुणपणी टॅम्पा शहरी गोऱ्यांच्या एका कंट्री बँडमध्ये त्यांनी पियानोही वाजविला होता. म्हणजे ही गाणी त्यांना परकी नव्हती. त्यांच्यावर हक्क सांगण्याची सोय मात्र समाजाने ठेवली नव्हती.

निर्माते सिड फेलर यांनी जमविलेल्या गाण्यांतून चार्ल्स यांनी बारा निवडली आणि १९६२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क व हॉलिवूड येथे ध्वनिमुद्रण झाले. काही गाण्यांस जॅझचा पितळी वाद्यांचा भरगच्च ताफा, तर काहींस व्हायोलिनचा वृंद आणि समूहस्वर. व्हायोलिनची स्वरयोजना मार्टी पेक यांची. कंट्री संगीतातले गिटार आणि फिडल जवळजवळ पुसून टाकले आहेत. उरले आहेत ते शब्द आणि चाल. तबकडीचे खरे मर्म येथे आहे, असे मला वाटते. वेष बदलल्यावर कळते की शेतकऱ्याचे दुःख आणि शहरातल्या माणसाचे दुःख एकाच मापाचे आहे.

‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे डॉन गिब्सन यांचे गाणे तबकडीवर अकराव्या क्रमांकाला, म्हणजे जवळजवळ अखेरीस आहे. कीर्तनात बुवांनी ओळ म्हणावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, ही रीत आपल्या परिचयाची आहे. येथे उलटे घडते. गायकवृंद ओळ सरळ, गुळगुळीत, जणू पाठ म्हटल्यासारखी म्हणतो, आणि मागाहून एकटा रे ती मोडून, ओढून, कण्हत तिला उत्तर देतो. ही देवाणघेवाण कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातली. चर्चमध्ये प्रतिगायन ऐकणाऱ्याला ती ओळखायला वेळ लागत नाही. गाणे लांब असल्याने वेगळ्या तबकडीसाठी ते कापावे लागले, आणि तरी ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

माझे आवडते गाणे मात्र ‘यू डोन्ट नो मी’. जिच्यावर प्रेम आहे तिच्याशी नुसते हस्तांदोलन करणाऱ्या अबोल माणसाचे ते मनोगत आहे. रे आवाज चढवीत नाहीत. तालाच्या किंचित मागे रेंगाळतात, आणि धीर होत नसल्याचे त्या रेंगाळण्यातूनच समजते.

या व्हायोलिनांना काही टीकाकारांनी गोडगट्ट म्हटले. काही गाण्यांपुरते मलाही ते मान्य आहे. समूहस्वर कधीकधी पाकात बुडल्यासारखे लागतात. पण त्या गोडव्यामुळे गायक सौम्य झाला, हा आरोप पटत नाही. याच गृहस्थांनी १९६१ साली जॉर्जियातील ऑगस्टा येथे श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसविले जाणार हे कळताच कार्यक्रम नाकारला होता. त्याबद्दल १९६२ साली, म्हणजे हीच तबकडी देशभर गाजत असता, न्यायालयाने त्यांना दंड केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरा भाग निघाला. त्यात बँडची गाणी एका बाजूस आणि व्हायोलिनची दुसऱ्या बाजूस, अशी सोयीस्कर वाटणी आहे. मला पहिलाच भाग अधिक रुचतो. तेथे दोन्ही प्रकार एकमेकांना खेटून उभे आहेत आणि एक गाणे संपताच पुढचे आपल्याला दचकविते.