खांद्यावरचा पूर्वपक्ष

पूर्वपक्ष असा आहे. गिटार शिकणाऱ्याचा हात दुखणारच, खांदा भरून येणारच. पहिल्या महिन्यात बोटांची टोके हुळहुळतात, मग तिथे घट्टे पडतात आणि वेदना संपते; खांद्याचेही तेच होईल. तेव्हा थांबू नका, वाजवत राहा. ज्याचे काही दुखले नाही त्याने रियाज केलाच नाही. यवतमाळ, वणी, पुसद, कुठेही गिटार शिकणाऱ्या मुलांत जाऊन बसा. हे मत इतक्या निःशंकपणे सांगितले जाते की ते केवळ मत आहे, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या पाठीशी परंपराही उभी केली जाते: चाळीस दिवसांचा चिल्ला, मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्या धाकातला तासन्‌तासांचा रियाज. त्या थोरांनी कधी खांद्याची तक्रार केली होती का, असा सवाल येतो आणि पोर गप्प बसते.

या मतात तथ्याचा अंश आहे. सरावाने दम वाढतो, हे खरे. नवख्याच्या पंजात येणारा किरकोळ शीण काही दिवसांत ओसरतो, हेही खरे. घट्ट्यांबद्दल तर वादच नाही. वाद आहे तो घट्ट्यावरून थेट खांद्यावर उडी मारणाऱ्या अनुमानाशी.

घट्टा ही त्वचेची सोय आहे. दाब आणि घर्षण वारंवार झाले की तिचा वरचा थर जाड होतो. स्नायूला किंवा कंडरेला असा जाड थर धरता येत नाही. उलट, स्नायू सतत आवळून ठेवला की त्यातला रक्तप्रवाह रोडावतो आणि तो लवकर थकतो. त्यातही बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. वाचकांनी स्वतःच पडताळून पाहावे. मनगट आत पूर्ण दुमडा आणि मग मूठ घट्ट आवळा. आवळत नाही. आता मनगट सरळ करा. तीच मूठ सहज वळते. मनगट दुमडून कॉर्ड दाबणाऱ्या मुलाची बोटे दुबळी नाहीत, ती अडवली गेली आहेत. जोर पुरत नाही म्हणून तो कोपर उचलतो, मग खांदा कानाकडे चढतो. खांदा चढल्याने तारेवरचा दाब किती वाढतो? काहीच नाही. आणि हे सारे तो रोज तासभर घोटतो. घोटलेले ते पक्के होते, हा तर रियाजवाद्यांचाच सिद्धान्त. मग चढलेला खांदाही पक्का होणार नाही काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पूर्वपक्ष सारा दोष हाताच्या माथी मारतो आणि गिटारीला निर्दोष सोडतो. एफ कॉर्डचे उदाहरण घ्या. एका बोटाने पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबायच्या, ही ती बार कॉर्ड. इथे शिकणारा हमखास अडतो. त्याला सांगतात, ताकद कमी पडते. एक प्रयोग करा. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. पाचव्यावर सहज वाजला आणि पहिल्यावर मुळीच नाही, तर बोटाची ताकद चार फ्रेटच्या अंतरात वाढली, असे समजायचे का? ताकद तीच आहे. पहिला फ्रेट नटला, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीला, खेटून असतो. नटच्या खाचा उथळ असतील तर तिथे तार उंच राहते आणि ती खाली आणायला जादा जोर लागतो. खाच नीट कोरून घेणे हे जाणत्या कारागिराचे अर्ध्या तासाचे काम. ते कुणी करून घेत नाही, कारण दुकानातून आली तशीच गिटार वाजवायची अशी आपली समजूत. मिरजेच्या कारागिराला हे सांगून पाहा! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावात घोडी घासून जवारी लागल्याशिवाय तंबोरा तयार झाला असे कुणी म्हणत नाही. गिटारीच्या नशिबीच ही अनास्था का?

तारांचा ताणही मोजता येतो. पोलादी तारांच्या साध्या गिटारीवर सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलोच्या घरात असतो. नायलॉनच्या तारांचा ४० किलोच्या आसपास. एकाच तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या की कंपनसंख्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटते, पण ताण जवळजवळ ११ टक्के उतरतो. आता पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. स्वर मूळचेच, ताण कमी, नटची उंचीही बाद. यात रियाज एका मिनिटानेही वाढलेला नाही, तरी खांदा खाली येतो. सहनशक्तीच्या सिद्धान्ताने याचा उलगडा करून दाखवावा. (आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, वरची फळी फुगते आणि तारा आणखी वर जातात. जुलैत हात बिघडला असे म्हणणाऱ्याने आधी तारांची उंची पाहावी.)

उजव्या खांद्याची कथा वेगळी. बाजारात सर्रास दिसणारी मोठ्या पेटीची गिटार ‘ड्रेडनॉट’ म्हणून ओळखली जाते. ब्रिटिश आरमाराच्या १९०६ च्या युद्धनौकेचे हे नाव. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी ही घडण केली. पेटी वाढवली ती आवाजासाठी. तिची रुंदी जवळपास ४० सेंटिमीटर. बारा वर्षांच्या मुलीने तिच्यावरून हात टाकायचा, तर खांदा उचलल्यावाचून इलाज नाही. तिला ‘खांदा खाली घे’ म्हणून दटावणे म्हणजे उंच कट्ट्यावर बसवून पाय जमिनीला टेकव म्हणणे. लहान पेटीची गिटार द्या, बसूनही पट्टा लावा, गिटारीची मान थोडी वर झुकवा. डाव्या हातावरचे गिटार पेलण्याचे ओझे तिथेच संपते.

राहिली परंपरा. जुन्या तालमीत पहिला धडा बैठकीचा असतो, हे सतार शिकलेला कुणीही सांगेल. बैठक बसल्यावर तास मोजायचे. आपण तास उचलले आणि बैठक टाकून दिली. यवतमाळच्या खेड्यांतल्या भजनी मंडळांकडे पाहा. एकादशीच्या जागरणात रात्रभर टाळ वाजतो. प्रत्येक ठोक्यानंतर हात सुटतो, म्हणून तो पहाटेपर्यंत टिकतो. तास मोठे आहेतच, पण प्रत्येक ठोक्यात विसावाही आहे.

आणि केवळ तासांचा भरवसा धरल्याने काय होते? लिऑन फ्लायशर हा अमेरिकेचा अव्वल पियानोवादक. १९६४ च्या सुमारास, छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची बोटे आपोआप वळू लागली. पुढची सुमारे तीन दशके तो प्रामुख्याने डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिला. हा फोकल डिस्टोनिया, मेंदूकडून होणाऱ्या हालचालींच्या नियंत्रणातला बिघाड. साध्या खांदेदुखीशी त्याची गल्लत नको. पण अहोरात्र वाजवणाऱ्याचे काही बिघडत नाही, हा दावा खोडायला एवढा पुरावा पुरेसा आहे. गिटारवादक डेव्हिड लाइस्नर यालाही १९८० च्या दशकात हाच विकार जडला. तो सावरला तो बोटे आणखी राबवून नव्हे, तर खांदा आणि दंडाचे मोठे स्नायू वादनात आणून.

इथेच दुसऱ्या टोकाचेही मत निकालात निघते. ‘खांदा पूर्ण सैल सोड’ हा हल्लीचा लाडका सल्ला. पूर्ण सैल सुटलेला हात मांडीवर पडेल, गिटारीवर राहणार नाही. काही स्नायू कामाला लागलेच पाहिजेत. प्रश्न आहे कोणते आणि किती. ‘किती’ याचे उत्तर कानाला विचारावे. तारेला नुसते बोट टेकवा, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लगटून. उजव्या हाताने छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. आधी ठप्प, मग खरखर, मग स्वच्छ स्वर. तिथेच थांबा. फ्रेटच्या मधोमध दाबणाऱ्याला त्याच स्वरासाठी अधिक जोर द्यावा लागतो. मग अंगठा मानेवरून काढा आणि दंडाच्या वजनाने तार मागे ओढून तीच कॉर्ड वाजवा. वाजली, तर अंगठ्याची चिमटी आजवर कशासाठी चालली होती, ते मुलगा स्वतःच सांगेल. वीस-पंचवीस मिनिटांनी गिटार खाली ठेवून हात लोंबू द्यावेत.

एवढे करूनही बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा रात्री झोपेत खांदा ठणकत असेल, तर तो प्रश्न रियाजाचा उरत नाही. तो डॉक्टरांकडे न्यावा, आणि तोवर वादन बंद ठेवावे.