परदेशातील विद्यार्थी मंडळे : ओळख, इतिहास आणि व्यवहार

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातली मुले शिकायला नागपूरला जातात, हे जुनेच आहे. आता त्यातली काही समुद्रापलीकडेही जाऊ लागली आहेत. मूल तिकडे गेले की फी आणि खोलीच्या चिंतेबरोबर घरच्यांना आणखी एक चिंता असते. तिथे त्याचे कोण? सणावाराला ते कुठे जाणार? बहुतेक विद्यापीठांत या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी मंडळ हे असते, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

तिकडे अशा मंडळाला सोसायटी किंवा क्लब म्हणतात. ते विद्यापीठाकडे किंवा तिथल्या विद्यार्थी संघाकडे नोंदवलेले असते. सभासद विद्यार्थी, कार्यकारिणी विद्यार्थ्यांची आणि निवड साधारणपणे दरवर्षी. काही मंडळे एकाच देशाच्या मुलांची असतात, काही सर्व परदेशी विद्यार्थ्यांची. केवळ मराठी मुलांचे मंडळ मोजक्याच ठिकाणी आढळते. एरवी आपली मुले भारतीय मंडळात सामील होतात.

ही गोष्ट आजची नाही. केंब्रिजला भारतीय विद्यार्थ्यांची 'मजलिस' 1891 मध्ये सुरू झाली, ऑक्सफर्डला 1896 मध्ये. तिथे मुख्यतः वादविवाद चालत. जवाहरलाल नेहरू 1907 ते 1910 या काळात केंब्रिजला होते. मजलिसमध्ये विषयाला भिडण्यापेक्षा युनियनच्या ढबीची नक्कल जास्त होई, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्या तीन वर्षांत आपण तिथे क्वचितच बोललो, हेही त्यांनी सांगून टाकले आहे. बुजऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे.

लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी 1905 मध्ये हायगेट भागात 'इंडिया हाउस' हे वसतिगृह उघडले. पुढच्या वर्षी विनायक दामोदर सावरकर तिथे राहायला आले. 10 मे 1908 रोजी तेथे 1857 च्या लढ्याचा स्मृतिदिन साजरा झाला. पण मंडळाचा कार्यक्रम म्हणजे काय, हे समजायला आम्हाला 24 ऑक्टोबर 1909 चा लंडनमधला दसरा जास्त उपयोगी वाटतो. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या कामासाठी लंडनमध्ये होते. अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, पण दोन अटींवर. जेवण शाकाहारी हवे आणि वादग्रस्त राजकारणावर भाषणे नकोत. स्वयंपाक आणि वाढणे डॉक्टरी व बॅरिस्टरी शिकणाऱ्या मुलांनीच केले. भाषणात गांधीजींनी रामाचा संयम सांगितला, सावरकरांनीही भाषण केले, आणि रामाबद्दल बोलणाऱ्यांत एक मुस्लिम तरुणही होता. दोघा प्रमुख पाहुण्यांचे मार्ग किती वेगळे होते हे आपण जाणतोच. तरी एका पंगतीला दोघे बसले, आणि ती पंगत मांडली होती विद्यार्थ्यांनी.

अमेरिकेत सर्व देशांच्या विद्यार्थ्यांचे एकत्र क्लब विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले. विस्कॉन्सिनचा 1903 चा, कॉर्नेलचा 1904 चा. त्यांना 'कॉस्मोपॉलिटन क्लब' म्हणत. एकेका देशाच्या मुलांनी एकेक संध्याकाळ सादर करायची, ही तिथली प्रथा आजही निरनिराळ्या नावांनी चालू आहे. आपल्या महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. पहिले काही दिवस ते विद्यापीठाच्या वसतिगृहात होते, पण तिथले जेवण त्यांना मानवेना. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तिथे आधीपासून काही भारतीय विद्यार्थी होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती झाले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले होते. परदेशात कोणाच्या शेजारी राहायला मिळाले, यावर पुढचे किती अवलंबून असते!

आजच्या मंडळाचे वर्ष साधारण असे जाते. सप्टेंबरअखेर नव्या मुलांचे स्वागत, मग गणपती किंवा गरबा, दिवाळी, संक्रांत जमली तर, आणि होळी. सण तिथीला होत नाही, जवळच्या शनिवार-रविवारी होतो. थंड देशांत होळी कधी कधी एप्रिलात, उन्ह पडल्यावर खेळतात. सभागृहात उघडी ज्योत लावायला सहसा परवानगी नसते, म्हणून पणत्या विजेच्या. जेवणाच्या प्रत्येक पदार्थापुढे त्यात शेंगदाणे, दूध, गहू आहे का, ते लिहावे लागते. घरी फोनवर हे ऐकून हसू येते, पण नियम म्हणजे नियम.

आता हिशेबाचे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आमची नजर तिकडे जातेच. या मंडळांची खरी अडचण उत्साहाची नाही, सातत्याची आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची मुले येतात आणि जातात. जुना खजिनदार मायदेशी परतलेला, बँक खात्यावर सही त्याचीच, आणि दिवाळीच्या सभागृहाची आगाऊ रक्कम भरायची आहे, असा प्रसंग सहज येतो. म्हणून निवडणूक झाल्याबरोबर सह्या बदलून घ्याव्यात, मागील वर्षाची बिले आणि देणेकऱ्यांची यादी लेखी ताब्यात घ्यावी. तिकिटे शक्य तितकी आधी विकावीत. दारावर येणाऱ्यांच्या भरवशावर जेवण सांगितले तर तूट ठरलेली. आपल्या मुलाला पद मिळत असेल तर अध्यक्षपदापेक्षा खजिनदारी बरी, असे आमचे मत आहे. काम शिकायला मिळते आणि भाषणे करावी लागत नाहीत. मात्र एकाच वर्षाचा अभ्यासक्रम असेल तर पहिल्या सत्रात कोणतेही पद घेऊ नये.

विद्यार्थी मंडळ आणि स्थायिक मराठी लोकांचे मंडळ यांत फरक करावा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. अशा ठिकाणी कुटुंबे असतात, वर्षानुवर्षांच्या ओळखी असतात. आजारपण किंवा खोलीची अडचण आली तर तिथली मंडळी अधिक उपयोगी पडतात. मुलांनी दोन्हीकडे नाव नोंदवावे.

आपल्याकडची मुले घरी मराठी बोलतात आणि बहुतेक हिंदी माध्यमात शिकतात. कमीपणा वाटणारी ही गोष्ट तिकडे कामाला येते. भारतीय मंडळात हिंदी चालते, मराठी मंडळात मराठी, आणि देवनागरी वाचता येतेच. तिकडे वाढलेल्या पुष्कळ मराठी मुलांना ती वाचता येत नाही. गणपतीत आरतीचे पुस्तक मग आपल्याच मुलाच्या हाती येते. सामान बांधताना ते एक पुस्तक जरूर ठेवावे, वजन फार होत नाही.