मोतीबिंदूनंतरचे पथ्य: एक दुर्लक्षित इतिहास

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रांच्या आणि शस्त्रवैद्यांच्या अंगाने लिहिला गेला असून, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने किती दिवस पडून राहावे आणि काय टाळावे, ही बाजू त्यात ओझरती येते. प्राचीन ग्रंथकारांना मात्र ती गौण वाटली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील, म्हणजे बाहुलीआड दाटलेल्या दोषाने दृष्टी जाण्यावरील, शलाकाकर्म (सळईने करायची शस्त्रक्रिया) सांगितल्यावर लगेच पथ्य येते: डोळ्यावर तूप लावून पट्टी बांधावी, निर्वात व निवांत घरात उताणे निजावे, आणि ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे हे सारे काही काळ आवरावे. शिंक आवरण्याची आज्ञा पाळणाऱ्यांचे कौतुकच करायला हवे. परंतु तिच्यामागचे निरीक्षण अचूक होते, कारण अशा प्रत्येक झटक्याने डोळ्यातील दाब क्षणभर वाढतो.

व्यक्तिगणिक नोंदीचा एक दुर्मीळ पुरावा मराठी राजवटीशी निगडित आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

त्याआधीच फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये गढूळ झालेले भिंग आत ढकलण्याऐवजी छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धत सुरू केली. तिचा लाभ मोठा होता, पण विश्रांतीचे ओझे तिने कमी केले नाही, उलट वाढवले. कारण जखम मोठी असे, ती शिवण्याजोगे बारीक टाके पुढे शतकभर उपलब्ध नव्हते, आणि तोवर ती बंद राखण्याचे काम रुग्णाच्या निश्चल देहालाच करावे लागे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, अशा स्थितीत रुग्ण कित्येक दिवस काढीत. विसाव्या शतकातील भारतीय नेत्रशिबिरांनीही या पथ्याचा सौम्य अवतार पाळला. पट्टी सुटल्यावर मिळे तो जाड भिंगांचा चष्मा. त्यातून वस्तू सुमारे चतुर्थांशाने मोठ्या दिसत, त्यामुळे पायरीचा अंदाज चुके आणि दृष्टी परत येऊनही चालणे नव्याने शिकावे लागे.

या अवस्थेवरील उपायाची सुरुवात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात झाली, जेव्हा हॅरल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याचे तंत्र आणले, छेद काही मिलिमीटरांवर आला, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला.

त्याच १९४९ साली हिरोशिमा व नागासाकी येथील बॉम्बग्रस्तांमध्ये किरणोत्सर्गजन्य मोतीबिंदू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. योगायोग खराच, पण अर्थपूर्ण आहे. कारण किरणोपचार आणि स्टेरॉइड हे कर्करोगाच्या चिकित्सेत रुळत गेले, तसा भिंगाच्या मागील आवरणालगत साचणारा, भर उन्हात आणि वाचताना विशेष जाचणारा मोतीबिंदू वार्धक्याआधीच दिसू लागला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. ज्या प्रत्यारोपणांपूर्वी सर्वांगाला किरण दिले जातात, त्यांनंतर काही वर्षांनी मोतीबिंदू होणे हा ओळखीचा दुष्परिणाम आहे.

अशा रुग्णांच्या बाबतीत दिवसांची जुनी गणना अपुरी पडते. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटल्या, तर अश्रुग्रंथी सुकतात; डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर विस्कळीत होतो, परिणामी बसवायच्या भिंगाचे मोजमापही शस्त्रक्रियेपूर्वी पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, आणि छेद भरून आल्यावरही नजर दिवसभरात कमीजास्त होत राहते. काही कर्करोगविरोधी औषधांनी बोटांतील मज्जातंतू क्षीण होऊन ती बधिर पडतात. शस्त्रक्रियेनंतरचे आजचे मुख्य पथ्य म्हणजे कित्येक आठवडे ठरल्या वेळी घालायचे थेंब, आणि ती लहानशी बाटली नेमकी दाबणे हेच अशा बोटांना जमत नाही. कागदोपत्री त्याच दिवशी घरी गेलेल्या या रुग्णाला, उताण्या निजलेल्या जुन्या रुग्णाप्रमाणेच, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची गरज लागते. फरक इतकाच की तो हात आता रुग्णालयाने नव्हे, घरच्यांनी पुरवायचा असतो.