फोटोची मागची बाजू

सप्टेंबर 1939. दौंडला गाडी बदलून तुम्ही नगरला उतरता. टांगेवाल्यांच्या तोंडी एकच विषय: छावणीत जर्मन आणून ठेवलेत. पहिल्या महायुद्धातही नगरनं हे पाहिलंय, त्यामुळे फारसं नवल कुणालाच नाही. किल्ल्यात नेहरूंना आणायला अजून तीन वर्षं आहेत. तुम्ही कुणाला दिसत नाही, एवढी सवलत आपण घेऊ. काटेरी तारेतून आत शिरा.

कारकुनाच्या टेबलावर पासपोर्टांची चळत आहे. वरचाच उघडा. फोटोतल्या माणसानं भांग नीट पाडलाय, टाय घट्ट बांधलाय. पहिल्या पानावर तांबडा, ठसठशीत ‘जे’. गेल्या ऑक्टोबरपासून जर्मन सरकार ज्यूंच्या पासपोर्टांवर हे अक्षर मारतंय. हा माणूस त्या अक्षराला भिऊन मुंबईला आला आणि लढाई पेटताच इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून उचललं. आता शेजारच्या खाटेवर हिटलरचा जयजयकार करणारा गडी आहे. तिकडे ज्यू म्हणून नकोसा, इकडे जर्मन म्हणून आत! मुंबईची ज्युइश रिलीफ असोसिएशन खटपट करतेय. चौकशी समितीपुढे एकेकाचं प्रकरण जाईल आणि काही महिन्यांत अनेक जण सुटतील. तोवर फोटोवर भरवसा ठेवून उपयोग नाही. चेहरा तोच राहतो. त्याच्या आसपास कोण काय लिहितं त्यावर माणसानं रात्री कुठे झोपायचं ते ठरतं.

आणखी मागे चला. 1856, मुंबई. कॅमेऱ्यापुढे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाचे, शिक्षक बसलेत: काही स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशन शाळेतले, काही ज्युइश इंग्लिश स्कूलमधले. पापणी हलवायचीही चोरी, म्हणून सगळे रागावल्यासारखे दिसतात. हा फोटो आजही छापला जातो आणि खाली शाळांची नावं असतात. माणसांची नसतात. तुम्ही तिथे आहातच, तर विचारून घ्या ना! पण अदृश्य माणसाला उत्तर कोण देणार? त्या काळच्या साहेबांना मुळात नमुने हवे होते. पुढच्याच दशकात विल्यम जॉन्सननं मुंबईतल्या जातीजमातींची दोन खंडांची फोटोपुस्तकं काढली. त्यात माणसं एका ठिकाणी टिपायची आणि पार्श्वभूमी दुसरीकडची जोडायची, असा कारभार होता.

आता अलिबाग, 1910. इस्राएल आळी. मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे आळीच्या भाषेत मशीद, यंदा नव्यानं बांधली गेलीय. मूळची 1848 ची. मुंबईहून फोटोग्राफर आलाय. शनिवारी तो आला असता तर कुणी दारही उघडलं नसतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणूनच कोकण यांना शनिवार तेली म्हणत आलं. तेव्हा आज रविवार.

अंगणात सतरंजी, वर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर बाय: नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, कपाळ मोकळं. थोरल्या सुनेला उभं राहायचंय, धाकटीला बसायचंय. ठरलंय नेमकं उलट. काळ्या कापडाखालून आवाज येतो, “हलू नका!” आणि पोर हलतं. काच वाया. बाय म्हणते, “अरे, त्याला गूळपोहे द्या, मग बसंल.” परवाच्या मलिद्याच्या विधीला एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन पोहे कालवले होते, त्याची चव पोराच्या जिभेवर अजून आहे. दुसरी काच नीट येते. महिन्याभरानं छापील फोटो घरी येईल, आणि घरातला शिकलेला मुलगा मागे पेन्सिलीनं मराठीत लिहील: डावीकडून बाय, मग थोरली, मग धाकटी, पायाशी बाबू. आडनाव नाही, गाव नाही. बाय कोण हे का कुणाला सांगायला लागतं?

लागतं. 1948 नंतर आळ्या रिकाम्या होत जातात. एका घरात ट्रंक भरली जातेय. चौकटी जड म्हणून काचा काढून नुसते फोटो पातळांच्या घडीत घातलेत. इस्राएलला पोचल्यावर लग्न नोंदवताना काही रब्बी विचारतात, तुमची आजी कोण, पणजी कोण? रस्त्यावर उतरून भांडावं लागतं; 1964 साली इस्राएलची संसद ठराव करते की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. पणजीचा फोटो तेव्हाही ट्रंकेतच असतो.

आता आजच्या तारखेला या. भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारही भरत नाहीत. अश्दोदला राहणारा एक नातू त्या जुन्या फोटोच्या दोन्ही बाजू मोबाइलवर टिपून तुम्हाला पाठवतो. आजी देवनागरी वाचायची. त्याला फक्त हिब्रू येतं. तुम्ही पेन्सिलीचा मजकूर वाचून दाखवता. तो भराभर नावं चढवून पाठवतो, आणि कुटुंब उलटं झालेलं असतं. धाकटी सून बाय झालीय, बायच्या अंगावर धाकटीचं नाव. ‘डावीकडून’ हा शब्द तुम्ही गाळलात, आणि त्याला जन्मापासून उजवीकडून वाचायची सवय.

तुम्ही पुन्हा सांगता. तो नावं फिरवतो. मग त्याचा पुढचा प्रश्न: डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या की बसलेल्यांच्या? अंगणात तुम्ही तेव्हा उभे होता, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे. त्याला मात्र लोदच्या मावशीला फोन लावावा लागेल. मावशीला कमी ऐकू येतं, पण बाबू कोण हे तिला पक्कं माहीत आहे. फोन आजच लाव म्हणावं.