घरचा पडदा आणि 'सेदमिक्रास्की' : आस्वादाच्या एका स्थित्यंतराचा विचार

मराठीतील चित्रपटविचार बहुधा चित्रपटापासून सुरू होतो. तो चित्रपट कोठे, कोणत्या पडद्यावर आणि कोणाच्या सोबतीने पाहिला गेला, या प्रश्नापासून क्वचितच. ही सवय साहित्यसमीक्षेकडून आलेली असावी. कविता नियतकालिकात वाचली काय आणि संग्रहात वाचली काय, तिचे शब्द तेच राहतात, असे गृहीत धरून समीक्षक कामाला लागतो. चित्रपटाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. पडद्याचा आकार, प्रक्षेपणाची गती, रंगाची प्रत आणि शेजारी बसलेली अनोळखी माणसे या चारही गोष्टी बदलल्या की पाहणाऱ्याच्या हाती येणारी कलाकृतीही काही अंशी बदलते. व्येरा खितिलोव्हा यांचा 'सेदमिक्रास्की' (१९६६, इंग्रजीत 'डेझीज') हा चेक चित्रपट या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. मुंबईच्या उपनगरांतील मराठी रसिकाला तो सावकाश, पुनःपुन्हा पाहता येऊ लागला तो घरगुती व्हिडिओमुळे. आणि या चित्रपटाचा सारा रोख घरात निवांत बसून उपभोग घेणाऱ्या माणसावरच आहे.

चित्रपटाला रूढ अर्थाने कथा नाही. मारी नावाच्याच दोन तरुणी, एक काळ्याभोर केसांची आणि दुसरी सोनेरी केसांची, असा निष्कर्ष काढतात की जग बिघडलेले आहे, तेव्हा आपणही बिघडावे. त्यानंतर येते ती उचापतींची मालिका. वयस्क पुरुषांना हॉटेलात जेवण द्यायला लावून आगगाडीत बसवून देणे, कात्रीने सॉसेजेस, अंडी आणि केळी कापून खाणे, परस्परांनाही त्याच कात्रीने कापणे (तेव्हा पडद्याचेच तुकडे होतात) आणि शेवटी अन्न वर चढवण्याच्या लिफ्टमधून एका रिकाम्या दालनात पोहोचून तेथे मांडलेली मेजवानी पायदळी तुडवणे. आरंभी यंत्राची चक्रे आणि युद्धातील स्फोट यांची दृश्ये एकाआड एक येतात. अखेरीस पुन्हा युद्धाने उद्ध्वस्त झालेले शहर दिसते. यारोस्लाव्ह कुचेरा यांच्या छायाचित्रणात कृष्णधवल, एकरंगी आणि बहुरंगी दृश्ये कोणतेही कारण न देता एकमेकांची जागा घेतात. एस्तेर क्रुम्बाखोव्हा या पटकथेत सहभागी होत्या, शिवाय चित्रपटाच्या दृश्यरूपातही त्यांचा मोठा वाटा आहे. दोन्ही प्रमुख भूमिका व्यावसायिक नट्यांना दिलेल्या नाहीत, आणि त्या दोघींच्या लाकडी बाहुल्यांसारख्या हालचालींत या निवडीचे मर्म आहे.

अशा चित्रपटाला मुंबईत प्रेक्षक मिळवून देऊ शकणारी संस्था म्हणजे फिल्म सोसायटी. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. मुंबईत 'फिल्म फोरम', 'आनंदम' आणि १९६८ पासून 'प्रभात चित्र मंडळ' यांनी सभासदांपुरते खेळ दाखवण्याची प्रथा रुजवली. मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने यांतील 'प्रभात'चे महत्त्व वेगळे. जागतिक चित्रपटाविषयी मराठीत बोलता येते, मराठीत लिहिता येते, हा विश्वास त्या मंडळाने आणि त्याच्या 'वास्तव रूपवाणी'ने दिला. पण चळवळीचा भूगोलही ध्यानात घ्यावा लागतो. खेळ होत ते दादर-प्रभादेवीला किंवा थेट दक्षिण मुंबईत. याच काळात गिरगाव-दादरची मराठी कुटुंबे चाळीतल्या खोल्या सोडून मुलुंड, डोंबिवली, बोरिवलीकडे सरकत होती. मुलुंड हे मध्य रेल्वेवरचे महापालिकेच्या हद्दीतील शेवटचे स्थानक, पुढचे ठाणे. धीम्या लोकलने दादर गाठायला जवळजवळ पाऊण तास, तितकाच वेळ परतीला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीची गाडी. नाटकासाठी मुलुंडकराला पुढे कालिदास नाट्यमंदिर मिळाले. चेक चित्रपटासाठी मात्र लोकलला पर्याय नव्हता. आस्वादाच्या इतिहासात रेल्वेच्या वेळापत्रकाला स्थान द्यावे लागते ते यामुळे. जो रसिक एवढा प्रवास करून येतो तो चित्रपट अर्ध्यावर सोडून उठत नाही, आणि कंटाळ्याचाही काही अर्थ असेल असे मानायला तयार असतो.

या व्यवस्थेची एक मर्यादा क्वचितच नोंदवली गेली आहे. सोसायट्यांना परदेशी चित्रपट मिळत ते मोठ्या प्रमाणात दूतावासांमार्फत. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असे, याचा अभिमान चळवळीला होता आणि तो रास्तही होता. पण दूतावासाच्या वाटेने येणाऱ्या चित्रपटांची निवड आधीच झालेली असे, आणि ती निवड त्या त्या राज्यसंस्थेची असे. १९६७ च्या मे महिन्यात चेकोस्लोव्हाक संसदेत यारोस्लाव्ह प्रुझिनेत्स या सदस्याने 'सेदमिक्रास्की'वर आणि यान नेमेत्स यांच्या एका चित्रपटावर जाहीर हल्ला चढवला. खितिलोव्हांच्या चित्रपटावरील आक्षेपांत अन्नाच्या नासाडीचा मुद्दा ठळक होता. १९६८ च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या फौजा प्रागमध्ये शिरल्यावर नव्या लाटेचे कित्येक चित्रपट कपाटात बंद झाले. खुद्द खितिलोव्हांना १९७० च्या चित्रपटानंतर १९७६ पर्यंत कथापट करता आला नाही. जे राज्य स्वतःच्या प्रेक्षकांपासून चित्रपट लपवते ते तो मुंबईच्या सोसायटीकडे आपण होऊन पाठवील, अशी अपेक्षा करता येत नाही. 'चेक चित्रपट' या नावाने मराठी रसिकाच्या मनात जी प्रतिमा तयार झाली ती सौम्य, मानवतावादी, काहीशी खट्याळ अशी होती. तिच्यात या दोन मारी बसत नाहीत.

व्हिडिओने ही कोंडी लगेच फोडली असे नाही. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि गल्लोगल्ली कॅसेट लायब्रऱ्या उघडल्या. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणून सोसायटीतल्या चार बिऱ्हाडांनी मिळून तीन-तीन चित्रपट पाहायचे, हे त्या दशकातले सर्वपरिचित दृश्य. त्या लायब्रऱ्यांच्या फळ्यांवर हिंदी आणि हॉलिवुडचे चित्रपट होते. प्रागच्या चित्रपटांना तेथे गिऱ्हाईक नव्हते. परदेशातून कोणी आणलेली, प्रतीवरून प्रत काढलेली कॅसेट हाच काय तो अपवाद. अशा कॅसेटवर 'सेदमिक्रास्की' पाहताना एक चमत्कारिक अडचण उभी राहते. व्हीएचएस पट्टीत रंगाचा तपशील अतिशय कमी साठतो, आणि प्रतीगणिक तो आणखी विरघळतो. दृश्य अचानक हिरवे किंवा तांबूस झाले की ते कुचेरांनी केले की पट्टीने, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. ज्या चित्रपटाची भाषाच नियमभंगाची आहे त्याच्या बाबतीत हेतू आणि दोष यांतील भेद पुसला जाणे ही साधी तांत्रिक तक्रार राहत नाही. अर्थनिर्णयाचा आधारच निसटतो.

तो आधार डिस्कने परत दिला. लंडनच्या 'सेकंड रन'ने २००९ मध्ये हा चित्रपट डीव्हीडीवर आणला. अमेरिकेत 'क्रायटेरियन'ने २०१२ मध्ये चेक नव्या लाटेच्या संचात आणि २०२२ मध्ये नव्या डिजिटल पुनरुद्धारासह स्वतंत्रपणे तो प्रकाशित केला. मात्र डिस्क आली म्हणून 'मूळ' चित्रपट हाती आला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. प्राचीन मराठीच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळ्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली, आणि मूळ पाठ कोणता हा वाद चालूच राहिला. चित्रपटाच्या डिस्कलाही पाठभेद असतात. सेकंदाला चोवीस चौकटींनी चित्रित झालेला चित्रपट पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर पंचवीस चौकटींनी धावतो. ७६ मिनिटांचा खेळ सुमारे ७३ मिनिटांत आटोपतो, आणि वेगळी दुरुस्ती केली नाही तर आवाजाची पट्टीही किंचित चढते. अन्य चित्रपटात हे जाणवणार नाही. येथे मुलींच्या हसण्याचा आणि त्यांच्या सांध्यांच्या करकरण्याचा स्वर हा अर्थाचा भाग आहे, त्यामुळे तो चढला की त्या थोड्या अधिक बाहुल्या वाटतात. उलट दिशेचे उदाहरण पडद्याच्या आकाराचे. चित्रपटाची चौकट जुन्या, जवळजवळ चौकोनी प्रमाणातली आहे; ऐंशीच्या दशकातल्या टीव्हीच्या खोक्यात ती नेमकी बसत असे, आज रुंद पडद्यावर तिच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. आकारापुरता तरी तो गरीब खोका अधिक प्रामाणिक होता. रंगाचा प्रश्न सर्वांत नाजूक. कुचेरा १९९१ मध्ये वारले, क्रुम्बाखोव्हा १९९६ मध्ये, खितिलोव्हा २०१४ मध्ये. २०२२ च्या डिस्कवरचा तांबडा किती तांबडा असावा, हे ठरवताना त्यांच्यापैकी कोणालाही विचारण्याची सोय नव्हती. तो निर्णय संपादकाचा आहे, आणि समीक्षकाने तो संपादकाचा निर्णय म्हणूनच वाचला पाहिजे.

हे सगळे मान्य करूनही पुनःपुन्हा पाहण्याचा लाभ मोठा आहे. एका खेळात 'सेदमिक्रास्की' पाहणाऱ्याला तो निखळ स्वैर वाटतो. डिस्कवर मागेपुढे जाता आले की त्यातील बांधणी उघडी पडते. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे मांडली, संवाद, विरोध आणि समतोल, ती येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. पुरुषाबरोबरचे जेवण आणि स्थानकावरचा निरोप यांची आवर्तने संवादलयीची. पोरींचा खेळ आणि बॉम्बस्फोट यांची जोडणी विरोधलयीची. खरी गंमत आहे ती समतोलाच्या ठिकाणी. मेजवानीचा विध्वंस झाल्यावर त्या दोघी वर्तमानपत्रांचे कपडे दोरीने अंगावर बांधून परत येतात, फुटलेल्या बशांचे तुकडे जुळवून मेजावर मांडतात, चिरडलेले अन्न पुन्हा ताटांत भरतात, आणि आता आपण सुखी आहोत असे पुटपुटतात. आकृतीला समतोल मिळतो, पण तो फुटक्या बशांचा. मर्ढेकरांच्या उपपत्तीत समतोलाचे असे विडंबन कोठे बसवावे, हा प्रश्न त्यांच्या भाष्यकारांनी विचारात घ्यावा असा आहे. तो प्रश्न सुचण्यासाठी प्रसंग चार वेळा पाहावा लागतो, आणि सोसायटीच्या एकमेव खेळात ते शक्य नव्हते. अरुण खोपकरांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) या ग्रंथाने चित्रपटाच्या सूक्ष्म वाचनाचा जो आदर्श मराठीत ठेवला, त्या प्रकारच्या वाचनाचे साधन घरगुती डिस्कने मुलुंडच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही उपलब्ध करून दिले, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही काही तरी हरवते, आणि ते काय, हे सांगायला जुनी परिभाषा नव्या चित्रपटमीमांसेपेक्षा अधिक नेमकी ठरते. अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीला अडथळा आणणारी जी विघ्ने सांगितली त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक : प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असतो की दुसऱ्या कशावर त्याचे चित्त स्थिरावत नाही. त्यावरचा उपाय म्हणून ते वाद्ये, गान आणि सजलेला मंडप यांचा उल्लेख करतात. म्हणजे मंडप ही नुसती सोय नव्हे. प्रेक्षकाला त्याच्या खाजगीपणातून बाहेर काढण्याची ती योजना आहे. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये नेमका हा मंडप नसतो. दाराची घंटा वाजते, कुकरची शिटी होते, मुलाचा अभ्यास राहिलेला असतो, आणि बोट थांब्याच्या बटणावर जाते. शोकांतिका किंवा प्रेमकथा हे सोसू शकते. 'सेदमिक्रास्की'ला ते अधिक बाधते, कारण त्याचा मुख्य परिणाम अवमानाचा आहे, आणि अवमान चारचौघांतच होतो. शेजारचा अनोळखी गृहस्थ हसतो की खुर्चीत अस्वस्थ होतो, याकडे अर्धे लक्ष ठेवूनच मेजवानीचा प्रसंग पाहायचा असतो. एकट्याने पाहिला की तो केवळ सुंदर दिसतो.

अन्नाचा मुद्दा येथे पुन्हा येतो. हा चित्रपट तयार झाला त्या १९६६ साली मुंबईत रेशनच्या रांगा होत्या. अवर्षणानंतर अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतला गहू बोटींनी येत होता. ताटात अन्न टाकणे हे पाप मानणाऱ्या समाजाला, तेही त्या वर्षी, हा प्रसंग दाखवला असता तर प्रुझिनेत्स यांच्या बाजूने उभे राहणारे हात थोडे नसते, आणि त्यांतले सगळेच हात प्रतिगाम्यांचे नसते. आविष्कारस्वातंत्र्याच्या उत्साहात समीक्षकांनी ही अस्वस्थता हसण्यावारी नेऊ नये. खितिलोव्हांनीही ती हसण्यावारी नेलेली नाही. त्यांनी तिला चित्रपटातच जागा दिली आहे : ज्यांचा संताप केवळ तुडवलेल्या भाजीच्या वाफ्यासाठी राखून ठेवलेला असतो अशा लोकांना चित्रपट अर्पण केलेला आहे, आणि ती अर्पणपत्रिका बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या हवाई दृश्यावर उमटते. संसदेतले भाषण व्हायच्या आधीच त्याचे उत्तर पडद्यावर लिहून ठेवलेले होते.

सभागृहात ही अर्पणपत्रिका संपल्यावर दिवे लागत आणि प्रेक्षकांना एकमेकांचे चेहरे दिसत. घरात जेवणाची वेळ आणि चित्रपटाची वेळ बहुधा एकच असल्यामुळे मेजवानीचा विध्वंस पुष्कळदा मांडीवर ताट घेऊनच पाहिला जातो. ही परिस्थिती खितिलोव्हांना कदाचित आवडली असती. अर्पणपत्रिकेनंतर डिस्क आपोआप आरंभीच्या यादीवर येते, आणि त्या यादीतून मेजवानीचे प्रकरण तेवढे वेगळे काढून पुन्हा लावता येते.